रिकामी तुळई आणि काळा कुत्रा : बंगी व ब्लाइथबर्ग येथील चर्चच्या आख्यायिकेची चिकित्सा

सारांश

रविवार, ४ ऑगस्ट १५७७ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यातील बंगी आणि ब्लाइथबर्ग या दोन गावांच्या चर्चवर सकाळच्या उपासनेच्या वेळी वीज कोसळली आणि माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी अब्राहम फ्लेमिंग याने लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत या मृत्यूंना एक काळा कुत्रा कारणीभूत ठरला. पुढे हाच कुत्रा 'ब्लॅक शक' या लोककथेतील भुताशी एकरूप झाला. प्रस्तुत लेखात फ्लेमिंगची पुस्तिका, समकालीन नोंदी आणि नंतरची लोककथा यांची तुलना केली आहे. ही आख्यायिका प्राचीन लोकश्रद्धेचा अवशेष नसून धर्मसुधारणेनंतरच्या छापील प्रबोधनसाहित्यातून घडलेली रचना आहे आणि तिच्या घडणीत प्रत्यक्ष मृतांची स्मृती मागे पडली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : लोककथा, स्थळपुराण, धर्मसुधारणा, पुस्तिका-साहित्य, ब्लॅक शक, अब्राहम फ्लेमिंग.

१. प्रस्तावना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, ब्लाइथ नदीच्या दलदलीच्या काठावर ब्लाइथबर्ग (स्थानिक उच्चार 'ब्लाइबरा') हे लहानसे गाव आहे. गावाच्या मानाने तेथील होली ट्रिनिटी चर्च इतके भव्य आहे की ते 'दलदलीतील कॅथीड्रल' या नावाने ओळखले जाते. या चर्चच्या उत्तरेकडील जुन्या लाकडी दारावर जळाल्याचे काळे डाग आहेत. सैतानी कुत्र्याच्या नखांनी ते उमटले, असे पर्यटकांना सांगितले जाते. सफोकची ओळख करून देणाऱ्या बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत हा दरवाजा, १५७७ चे वादळ आणि 'ब्लॅक शक' ही तीन नावे एकत्र येतात.

इंग्रजी लोककथा वर्गात शिकविताना विद्यार्थ्यांकडून हमखास येणारा प्रश्न असा, की हे खरोखर घडले का? त्यावर दोन ठरावीक उत्तरे उपलब्ध आहेत. पहिले उत्तर विवेकवादी होय : वीज पडली, भोळ्या लोकांना कुत्रा दिसला, प्रकरण संपले. दुसरे उत्तर रोमँटिक स्वरूपाचे आहे : व्हायकिंग लोकांनी समुद्रापलीकडून आणलेल्या ओडिनच्या शिकारी कुत्र्यांची ही स्मृती असून ती ख्रिस्ती धर्माच्या आवरणाखाली टिकून राहिली. ही दोन्ही उत्तरे वरवर परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोहोंतही कुत्र्याचा जनक 'लोक' असतो. एका ठिकाणी अडाणी लोक, तर दुसऱ्या ठिकाणी प्राचीन लोक. कुत्रा ज्या मजकुरातून आपल्यापर्यंत आला त्या मजकुराकडे दोन्ही उत्तरे पाहत नाहीत.

प्रस्तुत लेखाचा भर या मजकुरावर आहे. हा अभ्यास पाठचिकित्सेच्या मर्यादेत केलेला असून त्यात क्षेत्रभेटीचा दावा नाही. आपल्याकडे एखाद्या क्षेत्राचे माहात्म्य सांगणाऱ्या कथेला आपण स्थळपुराण म्हणतो. स्थळपुराणाचा अभ्यासक ते खरे की खोटे एवढेच विचारून थांबत नाही. ते कोणी रचले, कोणासाठी रचले, कोणती घटना त्याने पुढे आणली आणि कोणती मागे टाकली, हेही तो तपासतो. इंग्लंडमधील एका खेड्यातील चर्चच्या कथेला हेच प्रश्न विचारण्याचा हा प्रयत्न आहे.

२. काळाची पार्श्वभूमी

ब्लाइथबर्गचे चर्च मुख्यतः पंधराव्या शतकातील आहे. त्या काळात पूर्व इंग्लंडमध्ये लोकरीच्या व कापडाच्या व्यापारातून समृद्धी आली होती आणि गावोगावी भव्य चर्च उभी राहत होती. ब्लाइथबर्गच्या छतावर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत आणि त्यांवरील जुना रंग अंशतः टिकून आहे. बंगी हे वेव्हनी नदीकाठचे बाजाराचे गाव असून तेथील सेंट मेरी चर्च पूर्वी एका ननरीशी जोडलेले होते.

ही चर्च ज्या धर्मव्यवहारासाठी बांधली गेली तो व्यवहार सोळाव्या शतकात मोडून पडला. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारली आणि त्यानंतर मठ बरखास्त झाले. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत (१५४७–१५५३) मूर्ती व चित्रे हटविली गेली आणि मृतांच्या आत्म्यांसाठी चालणाऱ्या प्रार्थनांच्या देणग्या जप्त झाल्या. मेरीच्या काळात (१५५३–१५५८) मूर्ती परत बसविल्या गेल्या, तर एलिझाबेथच्या काळात त्या पुन्हा उतरविण्यात आल्या. म्हणजे १५७७ साली चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेल्या चाळिशीच्या माणसाने आपल्या हयातीत याच भिंतींच्या आत देव काढताना, बसविताना आणि पुन्हा काढताना पाहिला होता. ईमन डफी यांच्या 'द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स' (१९९२) या ग्रंथाने या उलथापालथीची गावपातळीवरील किंमत तपशिलाने मांडली आहे. भुताच्या कथेचा विचार करताना ही पार्श्वभूमी दूर ठेवता येत नाही.

आणखी एक वैचारिक बदल येथे लक्षात घ्यावा लागतो. मध्ययुगीन श्रद्धेनुसार मृताचा आत्मा शुद्धीलोकातून परत येऊन प्रार्थनेची याचना करू शकत असे. प्रोटेस्टंट धर्मशास्त्राने शुद्धीलोकच नाकारला. त्यामुळे मृतांचे परत येणे अशक्य ठरले आणि जे काही दिसेल ते भ्रम, फसवणूक किंवा सैतानाने घेतलेले रूप असले पाहिजे, अशी भूमिका पुढे आली. लुडविग लावाटर या स्विस धर्मोपदेशकाचा भुतांविषयीचा ग्रंथ १५७२ मध्ये इंग्रजीत आला. त्यात हाच विचार विस्ताराने आहे. 'हॅम्लेट' शिकविताना आपण ज्या वादाचा उल्लेख करतो तोच हा वाद होय. बंगीचा कुत्रा अवतरण्यापूर्वी पाच वर्षे त्याला समजून घेण्याची चौकट इंग्रजी भाषेत छापून तयार होती.

३. फ्लेमिंगच्या पुस्तिकेची रचना

फ्लेमिंग हा केंब्रिजशी संबंधित, लॅटिन जाणणारा, लंडनच्या मुद्रकांसाठी अनुवाद व संपादन करणारा लेखक होता. पुढे १५८८ मध्ये त्याने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. 'अ स्ट्रेंज अँड टेरिबल वंडर' या त्याच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नख्या पसरलेल्या काळ्या कुत्र्याचे लाकडी ठशाचे चित्र आहे. त्याच मुखपृष्ठावर असेही नमूद आहे की, हाती आलेल्या लेखी मजकुरास फ्लेमिंगने सुबोध पद्धतीने मांडले आहे. ही कबुली महत्त्वाची आहे. आपल्यासमोर प्रत्यक्षदर्शीची जबानी नसून एका व्यावसायिक लेखकाने दुसऱ्याच्या मजकुरावर केलेले संस्कार आहेत. तसेच मुखपृष्ठावरील लांबलचक शीर्षकात 'कुत्रा' हा शब्द नाही. तेथे लोकांना जाणवलेल्या एका भयंकर आकाराचा उल्लेख आहे. त्या आकाराला कुत्र्याचे रूप मिळते ते चित्रात आणि आतील निवेदनात.

पुस्तिकेची रचना प्रवचनाची आहे. आरंभी देवाच्या कोपाची चिन्हे ओळखून पश्चात्ताप करण्याचे आवाहन, मध्यभागी घटना आणि शेवटी प्रार्थना असा तिचा क्रम आहे. घटनेचा भाग एकूण मजकुराच्या मानाने छोटा आहे. फ्लेमिंगच्या कथनानुसार बंगीच्या चर्चमध्ये अंधार दाटला, इमारत हादरली आणि विजेच्या लखलखाटात काळा कुत्रा, किंवा त्या रूपातील सैतान, लोकांमधून धावत गेला. गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या दोघांच्या मधून जाताना त्याने दोघांच्याही माना पिरगाळल्या आणि ते बसल्या जागी मरण पावले. तिसऱ्या एका माणसाच्या पाठीवर त्याने असा आघात केला की तो आगीत भाजलेल्या कातड्यासारखा आकसला. पण तो वाचला. घड्याळाच्या तारा व चाके मोडली. चर्चच्या दगडांवर आणि दारावर नखांसारख्या खुणा राहिल्या.

या निवेदनात 'कुत्रा, किंवा त्या रूपातील सैतान' हा विकल्प फ्लेमिंगने हेतुतः खुला ठेवलेला दिसतो. कुत्रा सैतान आहे असे ठाम म्हटले तर शिक्षेचा कर्ता सैतान ठरतो; तो केवळ कुत्रा आहे असे म्हटले तर त्यातील ईश्वरी इशारा नाहीसा होतो. लेखकाला दोन्ही नको आहेत. त्याच्या दृष्टीने कर्ता एकच, तो म्हणजे पापी जनतेला ताकीद देणारा देव, आणि बाकी सर्व साधने. अलेक्झांड्रा वॉल्शम यांनी 'प्रॉव्हिडन्स इन अर्ली मॉडर्न इंग्लंड' (१९९९) या ग्रंथात अशा स्वस्त पुस्तिकांचा विचार करताना दाखविले आहे की, सनसनाटी आणि उपदेश हे त्या काळी परस्परविरोधी मानले जात नव्हते. फ्लेमिंगची पुस्तिका याचे चांगले उदाहरण म्हणता येईल.

त्याच्या वाङ्मयीन चरित्रातील एक तपशील येथे नोंदविण्याजोगा आहे. जॉन कायस या वैद्याने इंग्लंडमधील कुत्र्यांच्या जातींवर लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १५७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुवादक होता अब्राहम फ्लेमिंग. म्हणजे चर्चमध्ये कुत्रा शिरण्यापूर्वी एकच वर्ष आधी तो या लेखकाच्या मेजावर होता. एवढ्यावरून फ्लेमिंगने कुत्रा मनाने रचला असे सिद्ध होत नाही. मूळ लेखी मजकुरातही तो असू शकेल. तथापि लेखकाचे चालू काम त्याच्या कल्पनेला कोणत्या दिशेने झुकविते, याचा विचार समीक्षकाने करावयास हवा.

मराठी वाचकाने येथे एक दक्षता घ्यावी. काळा कुत्रा म्हटल्यावर आपल्याला काळभैरवाचे वाहन, दत्तात्रेयांच्या पायाशी असलेली चार कुत्री किंवा खंडोबाचा वाघ्या आठवतो. आपल्या परंपरेत कुत्रा देवाच्या सान्निध्यात असू शकतो. फ्लेमिंगच्या वाचकासमोर असा पर्याय नव्हता. त्याच्या धार्मिक कल्पनेत काळे जनावर चर्चमध्ये शिरणे हा थेट भ्रष्टाकार होता आणि त्या धक्क्यावरच पुस्तिकेचा परिणाम अवलंबून आहे.

४. रिकामी तुळई

बंगीनंतर कुत्रा ब्लाइथबर्गला गेला, असे फ्लेमिंग सांगतो. या भागाला त्याने मोजक्याच ओळी दिल्या आहेत. परंतु त्यांतील एक तपशील संपूर्ण पुस्तिकेचा गाभा उघड करतो. कुत्रा प्रथम चर्चमधील एका मुख्य तुळईवर जाऊन बसला आणि तेथून त्याने खाली झेप घेऊन दोन पुरुष व एका मुलाचा प्राण घेतला, आणखी एकाचा हात भाजला. ही तुळई कोणती, हेही फ्लेमिंग नोंदवितो : जिच्यावर एके काळी क्रूसमूर्ती उभी असे ती.

मध्ययुगीन इंग्रजी चर्चमध्ये लोकांची बसण्याची जागा आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये नक्षीदार लाकडी पडदा असे. त्यावरील तुळईवर क्रूसावरील ख्रिस्ताची मोठी मूर्ती आणि तिच्या दोन्ही बाजूंना मरिया व योहान यांच्या मूर्ती असत. उपासनेस आलेल्या प्रत्येकाची नजर आपोआप तेथे जाई. त्या मूर्तींपुढे दिवे तेवत आणि त्या दिव्यांसाठी गरीब माणसेही मृत्युपत्रात काही रक्कम ठेवीत. धर्मसुधारणेत या मूर्ती उतरविण्यात आल्या. पडद्यावरील सज्जे काढण्याचा आदेश १५६१ मध्ये निघाला. अनेक ठिकाणी तुळई मात्र तशीच राहिली.

फ्लेमिंगचा कुत्रा नेमका या रिकाम्या जागी बसतो. नजरेला जेथे देव पाहण्याची सवय होती तेथे आता हिंस्र पशू दिसतो. या प्रतिमेचे दोन अर्थ संभवतात. कट्टर सुधारकाला ती सांगते की ही जागा मूर्तिपूजेने दूषित झालेली होती, म्हणून सैतानाला तेथे आसन मिळाले. जुन्या वळणाच्या माणसाला तीच प्रतिमा सांगते की देव काढला, म्हणून त्याच्या जागी सैतान आला. फ्लेमिंगचा कल पहिल्या अर्थाकडे असणार, हे त्याच्या एकूण लेखनावरून उघड आहे. परंतु प्रतिमा लेखकाच्या कह्यात राहत नाही. याच दुहेरीपणामुळे परस्परविरोधी मतांच्या वाचकांना ही पुस्तिका सारखीच भयावह वाटली असावी, असे अनुमान करता येते.

रोमँटिक स्पष्टीकरणाची अपुरी बाजू येथे दिसून येते. ओडिनचा कुत्रा असता तर तो कोठेही बसू शकला असता. हा कुत्रा मात्र १५७७ च्या इंग्लंडमधील अगदी ताज्या जखमेवर बसला आहे. त्याचे वय हजार वर्षांचे नसून जेमतेम एका पिढीचे आहे.

५. कुत्रा नसलेल्या नोंदी

आता इतर पुराव्यांकडे वळू. बंगीच्या सेंट मेरी चर्चच्या दप्तरात मृतांची नोंद आहे : जॉन फुलर आणि ॲडम वॉकर, रविवारी प्रार्थनेच्या वेळी वादळात घंटाघरात मरण पावले. तेथे कुत्रा नाही. सैतानही नाही.

दुसरा पुरावा होलिनशेडच्या बखरीच्या १५८७ च्या आवृत्तीतील आहे. शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांचा आधार म्हणून ही आवृत्ती आपल्या परिचयाची आहे. तिच्यात ब्लाइथबर्गचे वर्णन असे येते : सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान, पाठवाचन चालू असता वीज भिंत भेदून जवळपास एक यार्ड जमिनीत शिरली, त्या बाजूची वीसहून अधिक माणसे कोसळली, दार फाटले, मनोऱ्याचे लाकूड चिरले. अर्ध्या तासाहून अधिक काळ लोक तसेच पडून होते. चाळिशी ओलांडलेला एक पुरुष व पंधरा वर्षांचा एक मुलगा मृत आढळले, इतर भाजले होते. बंगीविषयी लिहिताना घड्याळाच्या तारा-चाके तुटल्याचा आणि घंटाघरात बसलेले दोघे ठार झाल्याचा उल्लेख येतो. कुत्रा येथेही नाही.

या तुलनेतून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, क्रम उलटा आहे. बखरीत वीज ब्लाइथबर्गहून बंगीकडे जाते, तर पुस्तिकेत कुत्रा बंगीहून ब्लाइथबर्गला जातो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होय. दप्तर व बखर या दोहोंनुसार बंगीचे मृत घंटाघरात होते. उंच मनोरा विजेला ओढून घेतो, म्हणून तेथे असणाऱ्याला धोका सर्वाधिक, हे आज आपल्याला समजते. फ्लेमिंगने मात्र या दोघांना घंटाघरातून काढून प्रार्थना करणाऱ्या समुदायात, गुडघ्यांवर आणून बसविले. प्रवचनाच्या दृष्टीने हा बदल परिणामकारक आहे. मनोऱ्यात वीज पडून कोणी मेले तर तो अपघात ठरतो. प्रार्थना करताना मान पिरगाळली गेली तर ती श्रोत्यांच्या अंतःकरणाची झडती ठरते. फुलर आणि वॉकर यांचा मृत्यू अशा रीतीने उपदेशासाठी वापरला गेला आणि त्यांची नावे गळून पडली.

तिसरी गोष्ट म्हणजे १५८७ च्या बखरीच्या संपादनात प्रमुख वाटा असलेला विद्वान पुन्हा अब्राहम फ्लेमिंगच होता. ही विशिष्ट नोंद त्याने स्वतः लिहिली असे म्हणावयाचे नाही. ती बखर अनेकांच्या लेखनातून सिद्ध झाली. परंतु दहा वर्षांपूर्वी स्वतः छापलेला कुत्रा तिच्यात घालण्याची संधी त्याला होती आणि तो त्यात आला नाही, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. बाजारात विकावयाची पुस्तिका आणि राष्ट्राचा इतिहास यांत काय शोभते, याचे वेगळे निकष त्या काळच्या लेखकाजवळ होते असे दिसते. सोळाव्या शतकातील सर्वच लोक भाबडे होते, या विवेकवादी गृहीतकास यामुळे तडा जातो.

६. 'शक'चे आगमन

फ्लेमिंगच्या कुत्र्याला नाव नाही. 'शक' हे नाव छापील स्वरूपात १८५० मध्ये 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात आढळते. ई. एस. टेलर या धर्मोपदेशकाने तेथे पूर्व नॉरफोकमधील लोकांकडून ऐकलेल्या एका प्रचंड, केसाळ, जळत्या डोळ्यांच्या आणि मध्यरात्री दफनभूमीत येणाऱ्या काळ्या कुत्र्याची माहिती दिली. या दोन मजकुरांत २७३ वर्षांचे अंतर आहे आणि टेलरच्या टिपणात बंगीचा किंवा ब्लाइथबर्गचा उल्लेख नाही. 'शक' या शब्दाचा संबंध काही अभ्यासक जुन्या इंग्रजीतील 'सैतान' या अर्थाच्या शब्दाशी, तर काही बोलीतील 'केसाळ' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात.

या दोन कुत्र्यांच्या स्वभावातही फरक आहे. शक हा वाटेवरचा कुत्रा आहे. तो एकट्यादुकट्या प्रवाशाला रात्री भेटतो, काही अंतर सोबत चालतो, मरणाची सूचना देतो आणि नाहीसा होतो. फ्लेमिंगचा कुत्रा दिवसाढवळ्या, भरल्या समुदायात, एकदाच येतो आणि प्रत्यक्ष ठार मारतो. थिओ ब्राउन यांनी १९५८ मध्ये 'फोकलोअर' या नियतकालिकातील लेखात इंग्लंडमधील काळ्या कुत्र्यांच्या कथांचे वर्गीकरण केले. रूप बदलणारे भूत आणि सदैव कुत्राच असणारे, विशिष्ट जागेशी वा वाटेशी बांधलेले भूत असा भेद त्यांनी दाखविला. या दृष्टीने पाहता बंगीचा कुत्रा कोणत्याच लोककथाप्रकारात सहज बसत नाही, कारण त्याचा वंश लोककथेचा नसून प्रवचनाचा आहे.

मग हे दोघे एक कसे झाले? एकोणिसाव्या शतकात लोकसाहित्य गोळा करण्याची आवड वाढली, जुन्या पुस्तिका पुन्हा छापल्या गेल्या, रेल्वेमुळे पूर्व किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले आणि प्रवासवर्णनांना मागणी आली. संकलकांना स्थानिक कथेसाठी जुना छापील आधार हवा होता. फ्लेमिंगच्या कुत्र्याला नाव हवे होते. आर्थर कॉनन डॉयल याने १९०१ मध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावरील क्रोमर येथे मुक्काम केला असता मित्र फ्लेचर रॉबिन्सन याच्याशी झालेल्या बोलण्यातून 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'ची कल्पना आकारास आली. कादंबरीचे कथानक डार्टमूरवर घडत असले तरी तिच्या यशानंतर इंग्लंडमधील प्रत्येक काळ्या कुत्र्याकडे लोक नव्या कुतूहलाने पाहू लागले. बंगी गावाने आपल्या वातकुक्कुटावर आणि नगरचिन्हावर विजेसह काळा कुत्रा मिरविला. २०१४ मध्ये लीस्टन ॲबी येथील उत्खननात मोठ्या कुत्र्याची हाडे मिळाल्याची बातमी आली तेव्हा वृत्तपत्रांनी तिचा संबंध तत्काळ 'शक'शी जोडला.

७. दारावरचे डाग आणि छतावरचे छर्रे

सर्वांत उद्बोधक स्थलांतर नखांच्या खुणांचे आहे. फ्लेमिंगने दगडांवरील व दारावरील खुणांचा उल्लेख केला तो बंगीच्या चर्चसंबंधी. ब्लाइथबर्गच्या दाराविषयी तो काहीही म्हणत नाही. परंतु ज्याला दाखविता येतील असे डाग आहेत तो दरवाजा ब्लाइथबर्गचा. म्हणून कथेतील खुणा बंगी सोडून डाग असलेल्या दाराकडे गेल्या. आख्यायिकेला पुरावा लागतो आणि पुरावा जेथे असेल तेथे ती वस्तीला जाते.

अलीकडील संशोधनाने या डागांना आणखी एक संभाव्य अर्थ दिला आहे. इंग्लंडमधील जुन्या घरांच्या व चर्चच्या लाकडावर आढळणाऱ्या अशा थेंबाच्या आकाराच्या जळक्या खुणांपैकी अनेक अपघाती नसून, मेणवातीची ज्योत लाकडाला मुद्दाम धरून केलेल्या आहेत, असे प्रयोगांती दाखविले गेले आहे. आगीपासून, विजेपासून वा दुष्ट शक्तींपासून वास्तूचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू असावा, असे मानले जाते. ब्लाइथबर्गच्या दारावरील डाग या प्रकारचे असतील तर अर्थाची पूर्ण उलटापालट झाली म्हणावे लागेल. सैतान बाहेर राहावा म्हणून कोणा भाविकाने केलेली खूण पुढील पिढ्यांनी सैतान आत आल्याची खूण म्हणून वाचली.

याच चर्चमधील दुसरी आख्यायिका या प्रक्रियेला दुजोरा देते. छतावरील देवदूतांच्या लाकडात शिशाचे छर्रे रुतलेले होते. पार्लमेंटच्या बाजूने मूर्तिभंजनाचे काम करणारा विल्यम डाउसिंग एप्रिल १६४४ मध्ये येथे आला होता, हे त्याच्या रोजनिशीवरून ठाऊक आहे. साहजिकच त्याच्या माणसांनी देवदूतांवर गोळ्या झाडल्या, अशी कथा रूढ झाली. परंतु विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या वेळी तपासलेले छर्रे अठराव्या शतकातील निघाले आणि चर्चच्या हिशेबात, आत घरटी करणाऱ्या जॅकडॉ पक्ष्यांना मारण्यासाठी पैसे दिल्याची नोंद सापडली. देवदूतांना लागलेले छर्रे कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांसाठी होते.

या दोन कथांची बांधणी एकच आहे. वास्तूवर जखम दिसते. तिचे खरे कारण सामान्य, घरगुती आणि विस्मृत असते. आणि समाज त्या जखमेसाठी इतिहासातील एखादा प्रसिद्ध अपराधी शोधतो. दाराला सैतान मिळाला, छताला डाउसिंग.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) बंगी–ब्लाइथबर्गची आख्यायिका ही मौखिक परंपरेतून छापील परंपरेत आली असे दिसत नाही. उलट तिचा प्रवास छापील मजकुराकडून लोकमुखाकडे झाला आहे. (२) रिकाम्या तुळईवर बसलेला कुत्रा ही प्रतिमा धर्मसुधारणेने निर्माण केलेल्या पोकळीतून आलेली असून तिचा अर्थ प्राचीन पुराकथेत शोधणे अनाठायी आहे. (३) फ्लेमिंगचा कुत्रा आणि 'शक' ही मुळात भिन्न रूपे असून त्यांचे एकीकरण एकोणिसाव्या शतकानंतरचे आहे. (४) 'लोक भाबडे होते' हे विवेकवादी स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण कुत्र्याविना केलेल्या नोंदी त्याच समाजाने ठेवलेल्या आहेत.

यापुढे एक नैतिक प्रश्न उरतो आणि तो केवळ इंग्रजीच्या अभ्यासकाचा नाही. फ्लेमिंगची पुस्तिका वाङ्मयीन दृष्ट्या प्रभावी आहे, हे मान्य करावेच लागेल. तुळईवरच्या कुत्र्याइतकी ठसठशीत प्रतिमा त्या काळच्या पुस्तिका-साहित्यात क्वचित आढळते. परंतु तिचे यश कोणाच्या खर्चाने झाले, हेही समीक्षेने सांगितले पाहिजे. कुत्र्याला पुढे नाव मिळाले, नगरचिन्हात जागा मिळाली, पर्यटकांच्या पुस्तकांत प्रकरण मिळाले. ब्लाइथबर्गचा पंधरा वर्षांचा मुलगा मात्र बखरीत वयापुरता उरला. बंगीच्या दोन माणसांची नावे दप्तरातील एका नोंदीत राहिली, आणि ज्या जागी ते मेले त्या जागेवरूनही कथेने त्यांना हलविले.

वर्गातील त्या प्रश्नाला, हे खरोखर घडले का, आता असे उत्तर देता येईल : होय, घडले. एका रविवारी सकाळी चर्चच्या मनोऱ्यात जॉन फुलर आणि ॲडम वॉकर विजेने मेले. कुत्र्याविषयी त्यानंतर बोलावे.